हुजूरपागा : आजीची, आईची आणि लेकीची शाळा

पुण्याच्या नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्यावरील साड्यांच्या आणि सराफी दुकानांच्या गजबजाटाला लागून उभी असलेली हुजूरपागा ही मुलींची शाळा 1884 मध्ये सुरू झाली असून, भारतीयांनी चालवलेल्या मुलींच्या सर्वांत जुन्या माध्यमिक शाळांत तिची गणना होते. पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा. पेशव्यांची खाशी पागा एकेकाळी येथे होती आणि जागेचे तेच नाव पुढे शाळेला मिळाले. एच.एच.सी.पी. हायस्कूल या तिच्या अधिकृत नावात सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचा उल्लेख आहे, परंतु पुणेकरांच्या तोंडी ते नाव क्वचितच येते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये जवळच्याच बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा काढली होती. तरीही प्राथमिक इयत्तांच्या पुढे, मॅट्रिकपर्यंत शिकवणारी मुलींची शाळा पुण्यात उभी राहण्यास आणखी 36 वर्षे जावी लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींनी त्यासाठी पुढाकार घेतला. या मागणीच्या निमित्ताने रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचले आणि त्यापायी घरातल्याच बायकांचा रोष त्यांना सोसावा लागला. त्यांच्या आत्मकथनात हा प्रसंग आला आहे. शाळा सुरू झाल्यावरही ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी तिच्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली, कारण मुलींनी मुलांप्रमाणेच इंग्रजी विषय घ्यावेत आणि दिवसाचा मोठा भाग शाळेत घालवावा, ही कल्पनाच त्या काळच्या अनेक शिकलेल्या पुरुषांनाही मानवणारी नव्हती. शारीरिक संबंधांना संमती देण्याचे मुलींचे वय 1891 च्या कायद्याने 10 वरून अवघे 12 करण्यात आले, तेव्हाही पुण्यात केवढे वादळ उठले होते हे लक्षात घेतले, म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी वर्गात बसलेली मुलगी किती मोठ्या दडपणाखाली शिकत असेल, याचा अंदाज येतो.

वसतिगृहामुळे या शाळेची कक्षा शहराबाहेर गेली. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे, म्हणजे माहेरच्या करमरकर, सातव्या वर्षी येथे शिकण्यास आल्या आणि पुढे मानववंशशास्त्राच्या थोर अभ्यासक झाल्या. अशी नावे सर्वांना ठाऊक असतात. मात्र ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत, अशा विद्यार्थिनींच्या घरांमध्येच या शाळेचा खरा विस्तार झाला असून, आजी, आई आणि मुलगी अशा तिघी एकाच शाळेत शिकल्याची उदाहरणे पुण्याच्या पेठांत सहज आढळतात.

अशा तिघी एकत्र बसून शाळेविषयी बोलू लागल्या की शिक्षणाचा अलिखित इतिहास आपोआप उलगडतो. आजी ‘मॅट्रिक’ झालेली असते, म्हणजे मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेली; आई ‘अकरावी एसएससी’ असते; आणि 1975 मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध लागू झाल्यानंतरची मुलगी नुसती ‘दहावी’ सांगते. आजीच्या गणितात रुपयाचे सोळा आणे होतात आणि पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, तिला अजून तोंडपाठ असतात, तर 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आल्यावर शाळेत गेलेल्या मुलींना तो सारा खटाटोप परका वाटतो. आजीला आचार्य अत्रे यांची ‘नवयुग वाचनमाला’ आठवते. ‘बालभारती’ची, म्हणजे 1967 मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, पुस्तके नंतरच्या पिढ्यांच्या वाट्याला आली. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, ती तारीख तर या घरांत कालगणनेचा टप्पा ठरली असून, एखादी मैत्रीण पुराआधीची की पुरानंतरची, एवढे सांगितले तरी ऐकणारीला पुरते.

या आठवणींचे मोल आणखी एका कारणाने वाढते. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, कुलवृत्तांतांची, म्हणजे एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद करणाऱ्या ग्रंथांची, मोठी परंपरा आहे. पण ती पित्याच्या बाजूने चालते आणि लग्न झालेली मुलगी एका कुळाच्या पानावरून उतरून दुसऱ्याच्या पानावर, बहुधा बदललेल्या नावाने, जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत, मुलगी माहेरच्या नावाने असते. त्यामुळे आजी, आई आणि नात यांची आडनावे सहसा तीन निरनिराळी असतात आणि नुसती नोंदवही चाळणाऱ्याला त्या तिघी एकमेकींच्या कोणी लागतात हे कळण्याचा मार्गच उरत नाही. मुलांच्या शाळेत आजोबा, वडील आणि मुलगा हे एकाच आडनावामुळे ओळखू येतात. मुलींच्या शाळेत मात्र ही साखळी जोडणारा पुरावा त्यांच्या बोलण्याखेरीज अन्यत्र मिळणे कठीण असते.

1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. हा निर्णय स्वागतार्ह आहे, तथापि आईचे माहेरचे आडनाव किंवा तिची शाळा त्यातून कळणार नाही. प्रवेशअर्जात या दोन गोष्टी विचारणे मुळीच अवघड नाही आणि जुन्या शाळांनी ते अवश्य करावे. त्याहून निकड आहे ती वृद्ध विद्यार्थिनींच्या आठवणी नोंदवून घेण्याची, कारण एसएससीची परीक्षा 1949 मध्ये सुरू झाली, त्याआधी सोळाव्या-सतराव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या स्त्रिया आज नव्वदी ओलांडून गेल्या आहेत.