उसाच्या नोंदीची राखण



फडाची राखण आपण सारेच करतो. पण फडाच्या नोंदीची राखण कोण करतो? मागील वार्षिक सभेत एका जुन्या सभासदांनी उठून विचारले, "कारखान्याचा हिशेब आता ढगात ठेवलाय म्हणं. मग पाऊस लागला की वाहून जायचा न्हाई न्हवं?" सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही, म्हणून हे चार शब्द.

नोंद गेली तर काय जाते? लागणीची तारीख, उसाची जात, गट नंबर यांवर तोडीची पाळी ठरते. काट्यावरच्या वजनावर बिल ठरते, आणि ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नोंदच नसेल तर पाळी कुणाची आणि पैसे किती, याचा वाद गावोगाव पेटेल.

आपल्या भागाला धोका नवा नाही. पाटण तालुक्याने 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सोसला. साताऱ्याच्या डोंगरात पाऊस कोसळला की सांगलीच्या उंबऱ्याला पाणी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली. तेथील धोक्याची पातळी 45 फूट. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. आडसाली लागणीच्या नोंदीही जुलै-ऑगस्टमध्येच येतात. म्हणजे वही भरायची आणि नदी भरायची वेळ एकच!

आता ढगाविषयी. आभाळात काही ठेवलेले नसते. दूरच्या शहरात, पक्क्या इमारतीत मोठमोठे संगणक असतात. त्यांत जागा भाड्याने घ्यायची आणि इंटरनेटवरून आपली नोंद तिथे पाठवायची, एवढेच. मुंबई, पुणे, हैदराबाद येथे अशी केंद्रे आहेत. इकडे गट ऑफिसात पाणी शिरले तरी तिकडची प्रत कोरडी राहते.

नोंद परत कशी उभी राहते, हे खतावणी आणि रोजकीर्द ठाऊक असणाऱ्याला लगेच कळेल. रोज रात्री सगळ्या खतावणीची नक्कल घेतली जाते. दिवसा काट्यावर पडणारे प्रत्येक वजन रोजकीर्दीसारखे क्रमाने लिहिले जाऊन थोड्या थोड्या वेळाने तिकडे जात राहते. दुपारी दोनला संगणक बंद पडला, तर काल रात्रीची खतावणी घ्यायची आणि तिच्यावर आजची रोजकीर्द चढवायची. एक वाजता कुणी चुकून नोंद पुसली असेल, तर चढवणे एकच्या आधीच थांबवायचे.

मात्र आरसा म्हणजे नक्कल नव्हे. एका संगणकावरचा बदल क्षणात दुसऱ्यावर उतरत असेल, तर चूकही क्षणात उतरते. म्हणून कुणाला हात लावता येणार नाही अशी जुनी प्रत वेगळी हवी. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील संगणकांवर 23 नोव्हेंबर 2022 रोजी हल्ला झाला. जवळजवळ दोन आठवडे बरीच कामे हाताने करावी लागली. पण वेगळ्या संगणकावरची प्रत शाबूत होती म्हणून नोंदी परत मिळाल्या. उलट फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथील अशाच एका केंद्राला 10 मार्च 2021 रोजी आग लागली. मूळ आणि नक्कल ज्यांनी एकाच आवारात ठेवली होती, त्यांतल्या कित्येकांचे दोन्ही गेले.

आणि सर्वांत महत्त्वाचे. बी उगवतंय का, हे पाहिल्याशिवाय आपण पेरत नाही. नकलेचेही तसेच. आम्ही गेल्या हंगामाआधी नक्कल दुसऱ्या संगणकावर परत उतरवून पाहिली, तेव्हा एका नव्या गटाच्या लागणीच्या नोंदी तीत नव्हत्याच! यादीत त्या गटाचे नाव घालायचे राहून गेले होते. मूळ नोंदी जाग्यावर होत्या म्हणून कुणाचे नुकसान झाले नाही. पण रोज रात्री "नक्कल झाली" असा शेरा पडत होता आणि आम्ही त्यावर विसंबून होतो, ही चूक आमचीच. ती सभासदांपासून लपवणे बरे नव्हे. आता वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा बॉयलर अग्निप्रदीपनाआधी, नक्कल उतरवून काही सभासदांच्या पावत्यांशी ताडून पाहायची, असे ठरले आहे.

यात आपलाही वाटा आहे. वजनाची पावती फेकू नका. तीही एक प्रतच आहे, आणि ती आपल्या हातात आहे. पुढच्या सभेत "नक्कल ठेवता का?" एवढेच विचारून खाली बसू नका. "परत उतरवून पाहिली का? कधी? किती तास लागले?" असे विचारा. उत्तर देणे आमचे काम आहे.