५० चटया का मिळत नाहीत?

असोद्यात भरताचं एक वांगंही विकत मिळतं. शेजारी जळगावच्या एमआयडीसीत मात्र चटईवाला शेकड्यांच्या खाली बोलत नाही. समजा, असोद्याच्या एखाद्या भजनी मंडळाला भगव्या रंगात, मंडळाचं नाव विणलेल्या ५० चटया हव्या आहेत. कारखानदार ‘मिनिमम’ सांगतो आणि मंडळींना वाटतं, शेठ भाव खातोय.

खरं कारण यंत्राच्या पोटात आहे. प्लॅस्टिकच्या चटईचा पॉलिप्रॉपिलीन दाणा साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. एक्स्ट्रुडर, म्हणजे दाणा वितळवून चटईची नळी काढणारं यंत्र, त्याहून बराच जास्त तापवावा लागतो. तापमान स्थिरावेपर्यंत निघालेला माल भंगारात. मग रंग. आधीच्या ऑर्डरचा हिरवा स्क्रूच्या आट्यांत, नळीला आकार देणाऱ्या डायच्या कोपऱ्यांत चिकटलेला असतो. वितळलेलं प्लॅस्टिक काकवीसारखं दाट. भिंतीलगतचा थर जागचा हलता हलत नाही. म्हणून भगवा स्वच्छ येईपर्यंत मळकट नळी नुसती ओढून टाकायची. त्यानंतर मागावर नवी नक्षी बसवायची. हा सगळा खर्च पहिली चटई उतरण्याआधीचा, आणि चटया ५० असोत की ५,०००, तो तेवढाच.

हिशेबापुरता तो ६,००० रुपये धरू. ५० चटयांवर प्रत्येकी १२० रुपये पडतात, २,००० चटयांवर ३ रुपये.

मग एकदम लाखभर का काढत नाहीत? पडून राहिलेला माल गोदामाचं भाडं आणि व्याज खातो म्हणून. या ओढाताणीचं गणित अमेरिकी अभियंता फोर्ड हॅरिस याने १९१३ मध्ये मांडलं. त्यात वर्गमूळ येतं, आणि खरी गंमत तिथेच आहे: बदलाबदलीचा खर्च चौथाईवर आणला, तर फायद्याचा घाणा निम्म्यावर येतो. जपानमध्ये औद्योगिक अभियंता शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या १,००० टनी प्रेसचा साचा बदलायचा वेळ ४ तासांवरून ३ मिनिटांवर आणला, तो उगाच नव्हे.

जळगावच्या पीव्हीसी पाइपवाल्यांची अडचण आणखी बिकट. तापलेलं पीव्हीसी यंत्रात रेंगाळलं की करपतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. तो पोलादही खातो. थोडं काढू, थांबू, मग बघू, हे तिथे चालतच नाही.

मंडळाला तरी एक वाट आहे. रंग शक्यतो फिक्याकडून गडदाकडे लावतात, कारण गडदात फिक्याचा अंश लपून जातो. दुसऱ्या कुणासाठी भगवा लागणारच असेल, तर त्याच्याच शेपटाला ५० चटया निघू शकतात. नावाचा हट्ट मात्र सोडावा लागेल.