जुनी हिमालयन बघताय? आधी हे वाचा

नवी साडेचारशे सीसी हिमालयन नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, तेव्हापासून जुन्या ४११ कडे बघणारे वाढलेत. कमी बजेटमध्ये लांबच्या टूरसाठी माझं मत अजूनही तिलाच. १५ लिटरची टाकी, पुढचं चाक २१ इंची, सीट ८०० मिलिमीटरवर, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. पॉवर साडेचोवीस बीएचपीच्या आसपास, त्यामुळे एक्स्प्रेसवेवाल्या वेगाची हौस असेल तर नाद सोडा. घाटात मात्र ती बैलासारखी शांतपणे ओढते.

२०१६ ची पहिली कार्बोरेटरवाली मी टाळेन. २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन आलं, ती बघा.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. गार इंजिनच खरं बोलतं. मग मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. चाक फिरवून रिम वाकडी आहे का बघा, स्पोक एकेक टिचकीने वाजवा, सैल असेल तो बद्द वाजतो. शॉकअपच्या नळीवर तेल दिसलं तर ऑइल सील. हे खर्च किरकोळ, भाव पाडायला उपयोगी. चेसिसवर हँडलजवळ नवं वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर मात्र चहा पिऊन निघा.

कर्जाचा बोजा उतरलाय ना, चेसिस नंबर आरसीशी जुळतो ना, हेही बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

छोट्या चणीच्या रायडरने हिमालयनऐवजी एक्सपल्स २०० स्वस्त म्हणून धरू नये, तिची सीट ८२३ मिलिमीटरवर आहे.