नातवाच्या खेळातला हीलर

आपल्या श्रीरामपूरची वस्ती एका नावाची आणि रेल्वेस्थानक बेलापूर या दुसऱ्या नावाचे. रात्री कानांस हेडफोन लावून संगणकापुढे बसणाऱ्या नातवाचेही तसेच असते; घरी एक नाव, खेळात दुसरे. ‘पोरगे वाया चालले’ असे मनाशी म्हणण्याआधी एकदा खुर्ची ओढून विचारा, ‘बाळा, तू यात कोणते सोंग घेतले आहेस?’

या खेळांत प्रत्येकास आरंभीच आपला वर्ग निवडावा लागतो. ही रीत १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळातली. तेव्हा तीनच वर्ग होते. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नऊ झाले. योद्धा घाव झेलतो, मांत्रिक दुरून अग्नी फेकतो.

घरात रुग्णसेवा करणाऱ्यांना मात्र जखमा भरणारा हीलर ओळखीचा वाटेल. त्याचे सारे लक्ष सोबत्यांच्या प्राणरेषांवर असते. प्रत्येक उपचारागणिक त्याची स्वतःची शक्ती ओसरते. मग लढाई थांबल्यावर खाली बसून पाणी प्यावे लागते. शहाणे सोबती तोवर पुढे सरकत नाहीत. (अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे करणाऱ्या सुनेला एवढी उसंत किती घरांत मिळते?)

खेळापायी झोप, शाळा, माणसे सुटली आणि हे सुमारे वर्षभर चालले, तर जागतिक आरोग्य संघटना त्यास विकार मानते, मानसोपचारतज्ज्ञांस दाखवावे. एरवी भीती नको. नातू ‘मी हीलर’ म्हणालाच, तर आजीला गोळ्यांच्या वेळेची आठवण करण्याचे काम त्याच्याकडे देऊन पाहा.