धारेच्या यंत्राची ओढ मोजून घ्या



उसाच्या जोडीला गाई पाळणाऱ्यांच्या गोठ्यात आता धारेचे यंत्र आले आहे. त्यावरचे काट्याचे घड्याळ पाहून आपण निर्धास्त राहतो. पण धक्क्याने, ओलीने तेही चुकते. म्हणून आमचे सांगणे असे, की डिजिटल व्हॅक्यूम मीटर टी-जोडाने घड्याळाजवळच्या नळीला लावा, कपांची तोंडे बंद ठेवून यंत्र चालवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. साधारण ४२ ते ५० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे साडेबारा ते पंधरा इंच, ओढ असते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तकात पाहावा. ओढ जास्त झाली तर सडांची टोके कडक होऊन दगडीला वाट मिळते. कमी पडली तर कप निसटतात, धार लांबते. रेग्युलेटर मीटरच्या आकड्यावरच लावा. कास गेली की गाय गेली!