कुसळीच्या ठोंबाशी

१८७७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जॉन अँडरसन यांचा आशियातल्या चिचुंद्र्यांवर एक लेख छापून आला. अँडरसन मूळचे एडिंबरोचे, कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे पहिले क्युरेटर. संग्रहालयात साठलेल्या, फारशा कुणी न पाहिलेल्या नमुन्यांवर हा लेख होता. त्यातला एक नमुना मुंबईचा होता. अँडरसननी त्याला नाव दिले क्रोसिड्युरा स्टोलिच्काना. पुढे तिची रवानगी सनकस गटात झाली, कारण वरच्या जबड्यात मागे दडलेला एक इवलासा दात. पुढचा मोठा दात आणि मागच्या दाढा यांच्या मधे वरच्या बाजूला एकसुळी दात असतात. क्रोसिड्युरात ते तीन, सनकसमध्ये चार. हा चौथा दात इतका लहान असतो की तो पाहायला भिंग लागते.

अशी ही सनकस स्टोलिच्कानस. आपल्याला परिचित असलेल्या घरातल्या चिचुंद्रीची रानातली धाकटी बहीणच म्हणा. अंग सात-आठ सेंटिमीटरचे, रंग फिकट राखाडी, पोट त्याहून उजळ, गळ्याशी पिवळसर छटा. पाकिस्तान, भारत, नेपाळ या देशांच्या कोरड्या मुलखात तिचे वास्तव्य आहे: अर्धवाळवंट, खुरटी झुडपे, गवताळ माळ, जिरायती शेताचे बांध.

मग नमुना मुंबईचा कसा? दमट, खाऱ्या हवेची मुंबई या प्राण्याच्या स्वभावाशी जुळत नाही. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ‘मुंबई’ हे तेव्हा शहराचे नाव होते, तसेच सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या इलाख्याचेही होते. नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव नाही, पिकाचे नाही, जमिनीचे नाही. ज्या प्राण्याचे सारे जगणे पायाखालच्या जमिनीशी बांधलेले, त्याच्या पहिल्या नोंदीत ती जमीनच नाही. मला ही उणीव फार मोठी वाटते.

ज्याच्या नावाने ही चिचुंद्री ओळखली जाते त्याला मात्र कोरडा मुलूख चांगला ठाऊक होता. फर्डिनांड स्टोलिच्का यांचा जन्म १८३८ चा, मोराव्हियातला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला. वडील जंगलखात्यात नोकरीला. १८६२ मध्ये स्टोलिच्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि दक्षिण भारतातल्या क्रेटेशियस काळाच्या जीवाश्मांवर त्यांनी केलेले काम आजही पायाभूत मानले जाते. नोकरी दगडांची, पण नजर चौफेर. कच्छच्या भूवैज्ञानिक पाहणीवर गेले तर तिथल्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादीच करून आले, आणि ती १८७२ साली प्रसिद्ध केली. कोरड्या गवताळ मैदानांवर राहणारा, आज दुर्मीळ झालेला एक छोटा गप्पीदासही त्यांनीच तेव्हा शास्त्राला सांगितला. १८७३ मध्ये यारकंदला निघालेल्या फोरसाइथ यांच्या मोहिमेत ते सामील झाले. परतताना काराकोरम खिंड ओलांडली आणि लडाखमधल्या मुर्गो या ठिकाणी, १९ जून १८७४ रोजी, उंचीवरच्या विरळ हवेने त्यांचा घात केला. चाळिशीही गाठली नाही. लेहमध्ये त्यांचे स्मारक आहे. अँडरसननी ही चिचुंद्री त्यांच्या नावे केली ती यानंतर तीन वर्षांनी.

चिचुंद्रीला आपण सर्रास उंदरात मोजतो. ती उंदीर नव्हे. तिचे जवळचे नातलग साळिंदरासारखे कुरतडणारे प्राणी नव्हेत, तर हेजहॉग आणि चिचुंद्रीवर्गातले इतर कीटकभक्षी. हा फरक पाहायचा असेल तर घुबडाची गोळी उकलावी. गव्हाणी घुबड भक्ष्य आख्खे गिळते आणि न पचलेली हाडे-केस गोळीच्या रूपाने ओकून टाकते. पडक्या वाड्याच्या, जुन्या विहिरीच्या कपारीखाली अशा गोळ्यांचा खच असतो. एक गोळी कोमट पाण्यात भिजवावी आणि चिमट्याने हलक्या हाताने सोडवत जावी. आधी करड्या केसांचा लगदा सुटतो, मग नखाएवढ्या कवट्या हाती येतात. उंदराच्या कवटीत पुढे पिवळट-नारिंगी पटाशीचे दात, मग मोकळी जागा, मग दाढा, आणि दोन्ही बाजूंना गालाच्या हाडाची कमान. चिचुंद्रीच्या कवटीला ती कमानच नसते. कवटी निमुळती, पाचरीसारखी. पुढचा दात आकड्यासारखा वळलेला आणि त्यामागे, मधे फट न सोडता, सुळ्यांची नि टोकदार दाढांची सलग रांग. दात पांढरेशुभ्र. युरोपातल्या अनेक चिचुंद्र्यांच्या दातांची टोके लोहामुळे तांबडी असतात, आपल्याकडच्या या गटाला ते लोहाचे कवच नाही. दुधाचे दातही जन्माआधीच जिरून जातात. मिळालेला एकच संच आयुष्यभर पुरवायचा, म्हणून झिजलेली दाढ दिसली की समजावे, हे जनावर आपल्या मानाने म्हातारे होते.

हे दात दिवसरात्र कामात असतात. लहान अंगातून उष्णता भराभर निघून जाते, ती भरून काढायला सतत खावे लागते. याच सनकस गटातली एट्रुस्कन चिचुंद्री सुमारे दोन ग्रॅमची, वजनाने जगातल्या सर्वांत लहान सस्तन प्राण्यांपैकी. तिचे हृदय विसाव्यातही मिनिटाला आठशेहून अधिक वेळा धडधडते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी तिला अंधारात रातकिड्यांवर सोडले. शिकार होते ती मिशांच्या स्पर्शावर. मिशा कापल्या की नेम चुकतो. किडा हलला नाही तरी चालते, अगदी प्लास्टिकचा असला तरी ती तुटून पडते. तिला ओळख पटते ती आकारावरून, विशेषतः रातकिड्याच्या उड्या मारणाऱ्या मागच्या पायांवरून. माळावरच्या आपल्या चिचुंद्रीकडेही मिशा त्याच घडणीच्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर कुसळी आणि पवन्या या गवतांच्या ठोंबांत रातकिडे, नाकतोडे, वाळवी, भुंगेरे यांची जी गर्दी उडते, ती पाहिली की तिथे अशा शिकाऱ्याला काय नाही मिळणार असे वाटते.

उन्हाळ्यातला माळ मात्र निराळा. गवत वाळून पांढरे पडते, जमिनीला भेगा जातात, किडे खोल जातात. आफ्रिका-आशियातल्या पांढऱ्या दातांच्या चिचुंद्र्यांपैकी अनेक जाती अन्न तुटले की अंगाचे तापमान उतरवून काही तास सुस्त पडून राहतात, आणि थंड प्रदेशातल्या त्यांच्या बहिणींपेक्षा त्यांना इंधनही कमी लागते. दगडांची ताल, बोरीच्या बुडाशी साठलेला पाचोळा, उंदरांची सोडलेली बिळे, भेगा हाच त्यांचा निवारा. माळावरून दगड वेचून नेले, जेसीबीने बांध सपाट केला की हा निवारा एका दुपारीत जातो.

आणि माळ सपाट करायला आपण नेहमीच तयार असतो. केंद्र सरकारने २००० साली देशाचा पहिला ‘वेस्टलँड ॲटलास’ काढला, त्यात झुडपी जमिनीही पडीक म्हणून रंगवल्या गेल्या. गेल्या दीड दशकात जयश्री रत्नम, महेश शंकरन यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञांनी ठामपणे मांडले आहे की आपले माळ म्हणजे तोडून ओसाड झालेले जंगल नव्हे. हिवर-बोरीची विरळ झाडे आणि मधे गवत, हा सव्हाना आहे, आणि तो प्राचीन आहे. तरीही गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावले की वनीकरण झाले असे आपण मानतो. सावली पडते, गवत मरते. गवताबरोबर कोण जाते हे कुणी मोजत नाही.

मोठ्या जनावरांना निदान वाली आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगरच्या मुलखात अभयारण्य झाले, कडबनवाडीच्या माळावर लांडगे आणि चिंकारा पाहायला लोक जातात. हे हवेच. पण आंतरराष्ट्रीय यादीत ‘कमी चिंतेची’ असा शेरा मिळालेल्या या चिचुंद्रीकडे आपण पाहत नाही, कारण तिचा प्रदेश मोठा दिसतो. प्रदेश मोठा असणे वेगळे आणि त्यात ती ठिकठिकाणी टिकून असणे वेगळे. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले तेव्हा १९१२ चा पहिला अहवाल खानदेशाचा होता. कोरड्या दख्खनेपासून सुरुवात करण्याची ती समज आज पुन्हा हवी आहे. आणि नवे सापडत नाही असेही नाही. २०२१ मध्ये अंदमानच्या नारकोंडम बेटावरून चिचुंद्रीची एक नवीच जाती जाहीर झाली.

माळावर तिचा शोध घेण्याचे काम अवघड नाही. उंदराच्या पिंजऱ्यात चिचुंद्री सहसा जात नाही. तिच्यासाठी बादल्या जमिनीच्या पातळीला पुरून, मधे पत्र्याचे वा कापडाचे ठेंगणे कुंपण उभारतात. कुंपणाच्या कडेने धावणारी चिचुंद्री बादलीत पडते. मात्र दर दोन-तीन तासांनी बादल्या पाहिल्या पाहिजेत आणि आत किडे टाकून ठेवले पाहिजेत, नाहीतर इतक्या लहान जिवाला उपाशी राहणे सोसत नाही. अर्थात यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ज्यांना ती मिळत नाही त्यांनी घुबडाच्या गोळ्या गोळा कराव्यात. सोलापूर, बीड, नगर, धुळे इथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय हवेच असतात. गोळी कुठे मिळाली, कोणत्या महिन्यात मिळाली, भोवती ऊस आहे, ज्वारी आहे की गवत, हे पाकिटावर लिहावे, कवटी वरच्या जबड्यासह जपावी आणि चौथा एकसुळी दात भिंगाखाली शोधावा.