आज निवडून या, खुर्ची तीन वर्षांनी!

समजा, कॉलेजच्या निवडणुकीत तुम्ही जिंकलात. गुलाल झाला, स्टेटस पडले, कॅन्टीनमध्ये मित्रांनी तुमच्याच पैशानं वडापाव खाल्ले. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून सांगितलं, "अभिनंदन! आता पहिली तीन वर्षं काम शिका. चौथ्या वर्षी तुम्ही अध्यक्ष, तेही एकाच वर्षासाठी. पाचव्या वर्षी खुर्ची सोडायची आणि नवीन माणसाला मदत करायची. या सगळ्याचा पगार शून्य." आता खरं सांगा, पुढच्या निवडणुकीला किती जण उभे राहतील?

अमेरिकेतल्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या एका संघटनेत अगदी याच अटींवर निवडणूक होते. तिचं नाव अमेरिकन फिशरीज सोसायटी. तिथे बॅनर लागत नाहीत, रॅली निघत नाही. साधारणपणे दोन उमेदवार असतात. दोघांची ओळख आणि दोघांचं मनोगत सभासदांपुढे येतं, ते वाचून सभासद मत देतात. ऐकायला अगदीच मिळमिळीत वाटतं ना? पण नद्यांवरची धरणं राहावीत की जावीत, असल्या वादांत या संघटनेचा शब्द मोजला जातो. म्हणून तो शब्द कोण उच्चारणार, हे ठरवणारी ही शांत निवडणूक समजून घेण्यासारखी आहे. मासे हा तुमचा विषय नसला तरीसुद्धा.

मासे वाढवणाऱ्यांची सभा

ही संघटना १८७० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. सुरुवातीची मंडळी शास्त्रज्ञ कमी आणि मासे वाढवणारी जास्त होती. अंडी कशी उबवायची, पिल्लं कशी जगवायची, कुठल्या नदीत सोडायची, याची माहिती एकमेकांना द्यावी एवढाच हेतू. आजचं नाव १८८४ मध्ये आलं. सुरुवातीच्या अध्यक्षांमध्ये रॉबर्ट रूझवेल्ट नावाचे एक राजकारणी होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचे काका. ते सलग कित्येक वर्षं अध्यक्ष राहिले. 'एक माणूस, एक वर्ष' हा शिरस्ता नंतरचा.

त्या काळातला उत्साह दांडगा होता, पण त्यातून चुकाही झाल्या. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगानं जर्मनीतून कॉमन कार्प आणला आणि देशभर वाटला. आपल्याकडे तलावांत सोडतात, ज्याला सायप्रिनस म्हणतात, तोच हा मासा. स्वस्त आणि पोटभर अन्न मिळेल ही कल्पना होती. पण हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो. काही दशकांतच तिथे त्याच्याकडे उपद्रवी म्हणून पाहिलं जाऊ लागलं. एकदा नदीत गेलेला मासा परत बोलावता येत नाही. अशा धंद्यात पुढारी नुसता उत्साही असून भागत नाही. त्याला थांबून विचार करता यावा लागतो. आजच्या निवडणुकीची रचना नेमकी याचीच परीक्षा घेते.

पाच पायऱ्यांचा जिना

सभासद थेट अध्यक्ष निवडत नाहीत. ते निवडतात 'दुसरा उपाध्यक्ष'. हा माणूस पुढच्या वर्षी पहिला उपाध्यक्ष होतो, त्याच्या पुढच्या वर्षी नियोजित अध्यक्ष, मग अध्यक्ष आणि शेवटी माजी अध्यक्ष. म्हणजे पाच वर्षांची बांधिलकी. आणि हे सगळं आपली नोकरी सांभाळून. कुणी विद्यापीठात शिकवत असतं, कुणी राज्याच्या मत्स्य खात्यात असतं, कुणी सल्लागार कंपनीत.

या जिन्यामुळे उमेदवाराच्या आश्वासनांचं काय होतं बघा. 'मी निवडून आलो की लगेच अमुक करीन' हे वाक्यच तिथे चालत नाही. कारण लगेच काही हातात येतच नाही. आणि अध्यक्षपद येईल तेव्हा जग कसं असेल, हे कुणाला माहीत?

२०२० चं उदाहरण घ्या. संघटनेला दीडशे वर्षं होत होती. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मोठं अधिवेशन ठरलं होतं. त्या वेळी जी व्यक्ती अध्यक्षपदावर होती, तिला सभासदांनी चार वर्षं आधी, २०१६ मध्ये मत दिलं होतं. तेव्हा 'कोविड' हा शब्दसुद्धा अस्तित्वात नव्हता. अधिवेशन ऑनलाइन करावं लागलं. दीडशे वर्षांचा सोहळा लॅपटॉपच्या पडद्यावर. पण त्याच वर्षी, याच संघटनेच्या पुढाकारानं, जगभरातल्या १११ जलविज्ञान संस्थांनी हवामानबदलावर एक संयुक्त निवेदन काढलं. वेगवेगळ्या देशांतल्या एवढ्या संस्थांना एका मसुद्यावर राजी करायचं म्हणजे किती ईमेल, किती 'हा शब्द बदला, तो शब्द काढा' झालं असेल, याची कल्पना करा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये पाच जणांकडून एक पीपीटी करून घेताना आपल्या नाकी नऊ येतात!

तात्पर्य, मतदार योजनेला मत देत नाहीत. योजना कोलमडल्यावर हा माणूस कसा वागेल, याचा अंदाज बांधून ते मत देतात.

बोलायचं की गप्प बसायचं?

उमेदवारांना आणि मतदारांना भिडणारा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. शास्त्रज्ञांच्या संघटनेनं सार्वजनिक वादात किती बोलावं?

वॉशिंग्टन राज्यात स्नेक नावाची नदी आहे. तिच्या खालच्या टप्प्यात चार धरणं आहेत. ती वीज देतात आणि त्यांच्यामुळे गव्हाच्या बोटी ये-जा करू शकतात. पण सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला उलटा पोहत नदीत येतो. त्याची पिल्लं पुन्हा समुद्राकडे निघतात. या दोन्ही प्रवासांच्या वाटेत ही धरणं उभी आहेत. मासा वाचवायचा की वीज आणि बोटी, हा तिथला अनेक दशकांचा वाद आहे.

या सोसायटीच्या पश्चिम विभागानं २०११ मध्ये सभासदांचं मत घेऊन एक ठराव केला. २०२३ मध्ये मूळ संघटना आणि तिचा पश्चिम विभाग यांनी मिळून पुन्हा भूमिका मांडली. त्या मजकुराची घडण अभ्यासण्यासारखी आहे. त्यात 'धरणं पाडाच' अशी नुसती घोषणा नाही. आशय असा आहे की, जर समाजाला इथले मासे पुन्हा भरपूर हवे असतील, तर ही धरणं फोडून नदी वाहती करावी लागेल. 'जर' समाजाचा आहे. 'तर' शास्त्राचा आहे. काय हवं ते लोकांनी ठरवावं, त्याची किंमत काय ते आम्ही सांगतो.

हे 'जर-तर' लिहायला धाडस लागतं. कारण सभासदांमध्ये सरकारी नोकर पुष्कळ. त्यातल्या एखाद्याला आपल्या खात्याच्या धोरणाविरुद्ध स्वतःच्या नावानं बोलणं जड जातं, तेव्हा संघटना त्याच्या वतीनं बोलू शकते. पण ती प्रत्येक विषयावर बोलू लागली तर लोक म्हणतील, हे कसले शास्त्रज्ञ, हा तर आणखी एक दबावगट. आणि कधीच बोलली नाही तर शोधनिबंध कपाटात राहतील आणि मासे नदीतून जातील. ही रेघ नेमकी कुठे ओढायची, हे त्या-त्या वर्षीच्या नेतृत्वाला ठरवावं लागतं. म्हणून त्या मिळमिळीत वाटणाऱ्या मतपत्रिकेला वजन आहे.

कधी प्रश्न दिसायला छोटा असतो. हेकरूच्या कुळातला एक अवाढव्य मासा अमेरिकेत 'ज्यूफिश' म्हणून ओळखला जायचा. एका समाजाचं नाव माशाला चिकटवणं अनेकांना खटकत होतं. माशांची अधिकृत इंग्रजी नावं ठरवणारी समिती या सोसायटीचीच. २००१ मध्ये तिनं ते नाव बदलून 'गोलायथ ग्रूपर' केलं. माशाला काही फरक पडला नाही. पण त्या समाजातली एखादी विद्यार्थिनी पाठ्यपुस्तक उघडते तेव्हा तिला पडतो.

उमेदवार कोण होऊ शकतं?

१९२७ मध्ये या संघटनेची अध्यक्ष पहिल्यांदाच एक बाई झाली. एमेलिन मूर. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. मूर मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या. आधी शिक्षिकेची नोकरी केली, मग वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. तळ्यातल्या पाणवनस्पती आणि मासे यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पुढे न्यूयॉर्क राज्याच्या सेवेत त्यांनी एकेका नदीखोऱ्याचा जीवशास्त्रीय सर्व्हे हाती घेतला आणि तो अनेक वर्षं चालवला. चिखलात उतरून केलेलं हे काम हाच त्यांचा प्रचार होता म्हणा ना. आज सोसायटी त्यांच्या नावानं पुरस्कार देते. या क्षेत्रात सगळ्या थरांतली माणसं यावीत म्हणून झटणाऱ्यांसाठी तो आहे.

त्यांच्या गोष्टीतून 'जिद्द असेल तर सगळं होतं' असा सोपा धडा काढू नका. एक बाई अध्यक्ष झाली म्हणून सगळ्यांसाठी दार आपोआप उघडं राहिलं नाही. तो पुरस्कार द्यावा लागतो, यातच सगळं आलं.

मनोगत वाचायचं कसं?

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत थेट निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, तरी तुमच्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात खरंखुरं मतदान केलेलं नसेल. त्यामुळे उमेदवार पारखायची सवयच लागत नाही. पहिलं मत थेट विधानसभेला!

म्हणून पुढच्या वेळी कुणीही, अगदी डिपार्टमेंटच्या मंडळासाठी मत मागायला आलं, तरी तीन गोष्टी बघा.

पहिली, क्रियापदं. 'व्हायला हवं', 'केलं पाहिजे' किती आणि 'मी केलं' किती? ज्यानं मागच्या वर्षी फेस्टचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत दिला, त्याचं एक वाक्य बाकीच्यांच्या दहा वाक्यांना भारी.

दुसरी, 'जर-तर'. हे हवं असेल तर त्यासाठी काय सोडावं लागेल, हे उमेदवार सांगतो का? सगळ्यांना सगळं देणारा उमेदवार एकतर हिशेबात कच्चा असतो किंवा खोटं बोलत असतो.

तिसरी, निरोप. आपल्यानंतर येणाऱ्यासाठी तो काय ठेवून जाणार? पासवर्ड, फाइल्स, स्पॉन्सरचे नंबर, झालेल्या चुकांची यादी. आपली मंडळं बहुतेक वेळा इथेच मरतात. थर्ड इयरची बॅच गेली की मंडळही गेलं, नवी पोरं पुन्हा शून्यापासून.

सुरुवात खजिनदारापासून

त्या सोसायटीच्या राज्यवार शाखा आहेत, विषयवार विभाग आहेत आणि विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे गटही आहेत. तिथे कुणी बैठकीचं टिपण लिहितं, कुणी वर्गणी गोळा करतं, कुणी पोस्टर स्पर्धेला परीक्षक शोधत फिरतं. संघटना चालवायचं शिक्षण या बिनचेहऱ्याच्या कामांतून सुरू होतं.

आपल्याकडे वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणाऱ्यांसाठी आशियाई पातळीवरची एशियन फिशरीज सोसायटी आहे, तिची भारतीय शाखा मंगळुरूला आहे. पण तुम्ही कॉमर्सला असाल, नर्सिंगला असाल किंवा आर्किटेक्चरला, तुमच्याही व्यवसायाची एखादी संघटना असतेच. उद्या तुमच्या कामाचे नियम, परीक्षा आणि तुमची पत यांवर तिचा शब्द चालणार आहे. तिचे पदाधिकारी कोण, ते कधी आणि कसे निवडले जातात, हे तुम्हाला आज माहीत आहे का?

नसेल तर या आठवड्यात एखाद्या सरांना किंवा मॅडमना विचारा. आणि यंदा डिपार्टमेंटच्या मंडळाची नावं घ्यायला कुणी वर्गात आलं, की 'अध्यक्ष' म्हणताना वर जाणारे हात मोजू नका. 'खजिनदार कोण होणार?' असं विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते ना, त्या शांततेत हात वर करा.